काळ्या पडद्याची किल्ली

साध्या माणसाला लिनक्स वापरायचं असेल तर कमांड लाइन यायला हवी की नको, यावर माणसं अजून भांडतात. गेल्या महिन्यात आमच्या पिंपळवंडीच्या घरी जावई आणि त्याचा मित्र ओट्यावर बसून हेच भांडत होते, आणि मी आत त्यांच्यासाठी भजी तळत होते. मित्राचं म्हणणं, यायलाच हवी. ज्याला येत नाही त्याने त्या वाटेला जाऊच नये. जावयाचं म्हणणं, काही गरज नाही, आता सगळं माउसवर होतं, अगदी बायकांनासुद्धा जमतं. ‘बायकांनासुद्धा’ ऐकलं आणि माझ्या हातातला झारा कढईच्या काठावर आपटला. मी बाहेर जाऊन काही बोलले नाही, कारण जावयासमोर तोंड उघडायचं नसतं. म्हणून इथे लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कमांड लाइन म्हणजे संगणकाचा काळा पडदा. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, माउसचा बाण नाही. एक रेघ लुकलुकत असते आणि तिच्यापुढे आपण अक्षरांत हुकूम लिहायचा. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, आणि सुरुवातीच्या काळात तिच्यावर काही अडलं की हा काळा पडदा पुढ्यात यायचा. माझ्याही पुढ्यात तो आला होता, आणि त्याच्यावर माझी नोकरी टांगलेली होती.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. मी जुन्नरला एका वाचनालयात कामाला होते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर वाचनालय. दुकान शेठजींचं, माडी शेठजींची, आणि वाचनालयाचे अध्यक्षही शेठजीच. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले म्हणायचे, पण शेठजींची मराठी माझ्यापेक्षा जास्त जुन्नरी. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्यात वाचकांसाठी माठ स्वतः धुऊन भरायचा. पण त्यांच्या लेखी जगात सांगणारे आणि ऐकणारे अशी दोनच जातींची माणसं होती, आणि मी कुठल्या जातीची हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं.

नऊ वर्षं मी तिथे ‘तात्पुरती मदतनीस’ होते. पुस्तकं लावायची मी, फाटलेली चिकटवायची मी, वार्षिक अहवाल लिहायची मी. ग्रंथालयाची परीक्षाही पास झाले होते. आधीचे ग्रंथपाल वारल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती. काम सगळं त्या खुर्चीचं करायचं आणि बसायचं स्टुलावर. दर वर्षी विषय काढला की शेठजी म्हणायचे, "बघू ताई, पुढल्या मीटिंगला." त्या पुढल्या मीटिंगची वाट बघता बघता माझी मुलगी चौथीतून दहावीत गेली.

मग एकदा समितीने ठरवलं की वाचनालयाचा सरकारी वर्ग वाढवून घ्यायचा, म्हणजे अनुदान वाढतं. त्यासाठी तपासणीला साहेब येणार. शेठजींनी भर मीटिंगमध्ये सांगितलं, "सगळ्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर करा. तपासणी पार पडली की ताईंना ग्रंथपालाचं पत्र." सात माणसं ऐकत होती आणि मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चहा सांडला नाही हे माझं नशीब.

संगणक आणला शेठजींच्या भाच्याने. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या ऑफिसातलं जुनं मशीन त्याने टेम्पोत घालून पाठवलं आणि स्वतः मोटारसायकलवर आला. त्यावर लिनक्स टाकलं. माझं लिनक्सशी काही वाकडं नाही, हे आधीच सांगते. फुकट होतं, व्हायरस लागत नव्हता, आणि त्यावर मराठी सरळ लिहिता येत होतं. माझं वाकडं होतं ते भाच्याशी.

"मॅडम, तुम्ही फक्त माउस वापरायचा," तो म्हणाला. "चित्रावर क्लिक केलं की झालं."

तेवढ्यात त्याने एक काळी खिडकी उघडली, भराभरा काहीतरी लिहिलं आणि बंद केली. मी विचारलं, "हे काय होतं?"

"ते तुमच्यासाठी नाही. नॉर्मल युजरला त्याची गरज नसते."

"आणि काही अडलं तर?"

"अडणार नाही. अडलं तर मला सांगा."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही संताप येतो.

पंधरा दिवसांनी मला यादीची एक प्रत फ्लॉपीवर काढून ठेवावीशी वाटली. फ्लॉपी आत घातली, मशीनने ओळखच दाखवली नाही. फोन केला तर म्हणाला, त्यासाठी काळ्या खिडकीत कमांड द्यावी लागते, आणि तुमच्या खात्याला तशी परवानगी मी ठेवलेली नाही. मालकाचा, म्हणजे मशीनवर सगळी सत्ता असलेल्या खात्याचा, पासवर्ड लागतो. तो पासवर्ड द्या म्हटलं तर हसला. "तुम्ही चुकून काहीतरी उडवाल मॅडम. फ्लॉपीची काय गरज आहे?" प्रिंटरचंही तेच. पुढच्या खेपेला बघतो म्हणाला. पुढच्या खेपेला येऊन मामाकडचं जेवून गेला. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तेवढं कपाटावर ठेवून गेला, समितीतल्या लोकांना दिसावं म्हणून.

दोन वर्षं मी त्या मशीनवर यादी भरली. साडेनऊ हजार पुस्तकं. नुसतं वहीतलं उतरवायचं नव्हतं. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, आहे की गेलं, पानं किती, बांधणी कशी, हे बघून भरायचं. कित्येकांना कव्हर नाही, कित्येकांच्या पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव वाळवीने खाल्लेलं. वीज दिवसातून दोनदा जायची. वीज गेली की टेबलाखालचा यूपीएसचा, म्हणजे बॅटरीचा, डबा टिवटिव करायचा, आणि त्या दहा मिनिटांत मी यादी जपून ठेवून मशीन नीट बंद करायची. त्यात माझी एकदाही चूक झाली नाही.

माझ्या ह्या कामाला साक्षीदार एकच, टेलिफोनवाल्या मावशी. रोज दुपारी येऊन खिडकीजवळ मासिकं वाचायच्या. मूळच्या आंबेगावच्या पश्चिमेकडच्या, भीमाशंकरच्या अंगाच्या एका भाताच्या गावच्या. त्या गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी त्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन जुन्नरला भावाजवळ राहायला आल्या. बोलणं मात्र डोंगरातलंच राहिलं होतं. चष्मा जाड, गुडघे गेलेले, आवाज अजून खणखणीत.

मावशींची एक सवय होती. मी यादी भरताना त्या मधेच म्हणायच्या, "जपलंस का?" मी म्हणायची, "जपलं." मग त्या पान उलटायच्या.

त्या वर्षी खंडेनवमीला शेठजींच्या मनात आलं की दुकानातल्या गज-कात्रीबरोबर वाचनालयाच्या संगणकाचीही पूजा करायची. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो; आणि शेठजींच्या घरचा शिरस्ता असा की पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. तपासणी दहा दिवसांवर आलेली. समिती जमली. शेठजी म्हणाले, "ताई, मशीन चालू ठेवा. पडद्यावर यादी दिसू द्या. देवाला कळू दे काम झालंय."

मी यादी उघडून ठेवली. मशीनला झेंडूची माळ, पडद्याच्या चौकटीला हळदीकुंकवाची बोटं, पुढे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच सोनं म्हणून आपट्याची पानं. मी ओवाळायचं ताट धरून उभी. ओवाळून झालं आणि शेठजींनी डोळे मिटून हात जोडले, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. "आता विश्रांती," म्हणाले.

खालचा यूपीएस टिवटिव करू लागला.

"शेठजी, थांबा," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आरतीत शिंकले आहे. हातात पेटलेली निरांजनं, ताट ठेवायला जागा नाही. शेठजी वाकले. पूजेच्या वेळी असलं रडगाणं बरं नव्हे, असं काहीतरी पुटपुटले, आणि यूपीएसचं बटण शांत होईपर्यंत दाबून धरलं. पडदा गेला. टिवटिव थांबली. समितीने कापूर घेतला आणि पेढा खाल्ला.

रोजच्या वीज जाण्याला जे मशीन दोन वर्षं पुरून उरलं, ते भक्तीने मारलं. मेल्या मशीनला नमस्कार करून सगळे खाली उतरले, आणि मला बटण दाबायची सोय नव्हती, कारण विश्रांती चालू होती. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. घरी मी पुरण वाटत होते आणि डोक्यात ते मशीन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. रोजची चित्रं आलीच नाहीत. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढऱ्या ओळी आल्या आणि थांबल्या. खाली रेघ लुकलुकत राहिली. मी बंद करून परत चालू केलं. तेच. तिसऱ्यांदा तेच. मी स्टुलावर बसले आणि दोन वर्षं डोळ्यांपुढून गेली. रडले नाही. इतका राग आला की रडू कुठल्या कुठे गेलं.

खाली दुकानात जाऊन भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात होता. म्हणाला, "कशालाही हात लावू नका. मी दिवाळीत येतो."

"तपासणी दिवाळीच्या आधी आहे."

"मग मी काय करू मॅडम? इथून काय दिसतंय मला?"

"मला सांगा काय करायचं. मी करते."

"ते तुम्हाला जमणार नाही. कमांड लाइनचं काम आहे ते."

"तुम्हीच म्हणाला होता मला त्याची गरज नाही!"

"नॉर्मली नाहीच आहे गरज. मशीन असं बंद करतात का कुणी?"

चोर तर चोर, वर शिरजोर. मी फोन ठेवला. शेठजी गादीवर बसून गिऱ्हाइकाला साडी दाखवत होते. ऐकत होते सगळं. म्हणाले, "ताई, काळजी करू नका. नारायणगावला एक जण हाय, लिनक्स काढून दुसरं टाकून देतो. उद्या बोलावतो त्याला."

"दुसरं टाकलं की आधीचं सगळं जाईल शेठजी."

"मंग परत भरा. हाय काय त्यात?"

साडी दाखवणारे हात थांबलेही नाहीत. परत भरा! दहा दिवसांवरची तपासणी आता आठवड्यावर आलेली, आणि ह्यांनी माझी दोन वर्षं घडी घालून कपाटात ठेवून दिली. यादी नाही म्हणजे तपासणी नाही, तपासणी नाही म्हणजे पत्र नाही, आणि मी पुन्हा स्टुलावर. वर जिना चढताना मी शेठजींना, भाच्याला आणि झेंडूच्या माळेला मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर उतरवण्यासारखं नाही.

मावशी आल्या होत्या. मशीनच्या पुढे उभ्या राहून चष्मा वर-खाली करत होत्या.

"मावशी, गेलं सगळं," मी म्हणाले.

"काय गेलं? हे काय म्हणतंय ते वाचलंस का?"

मी वाचलंच नव्हतं. तीनदा चालू-बंद केलं, भाच्याशी भांडले, शेठजींशी भांडले, पण त्या पाच-सहा ओळी कुणी वाचल्याच नव्हत्या. भाच्यानेही विचारलं नव्हतं की काय लिहिलंय.

"आमच्या एक्स्चेंजला नव्वद सालानंतर असाच काळा पडदा आला व्हता," मावशी म्हणाल्या. "चित्रं कुठली बया! कुनाचा फोन तोडायचा, कुनाचा जोडायचा, समदं लिवून सांगायचं मशीनला. मी, येक सातवी पास लाइनमन, आनि येक वाचमन. आमी तिघंबी शिकलो. आमच्याकडं येकच नेम. आदी वाच, मंग दाब."

डिक्शनरी काढली. वाचनालयात निदान तेवढी होती. ओळ ओळ वाचली. मशीन म्हणत होतं की माझी साठवण विस्कटली आहे, ती मला आपणहून तपासता येत नाही, माणसाने हाताने तपासायला सांगावं. त्यासाठी मालकाचा पासवर्ड द्या. बस. गेलं असं कुठे म्हणतच नव्हतं. बिचारं दोन तास हात पसरून उभं होतं आणि आम्ही त्याला मेलं म्हणून मोकळे झालो होतो.

"मंग मागू पासवर्ड," मावशी म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. एकेक पायरी, भिंतीला धरून.

मी मशीनपाशीच थांबले, पण खालचं बोलणं जिन्यातून वर ऐकू येत होतं. दुकानात त्यांनी भाच्याच्या ऑफिसचा नंबर फिरवला. पहिल्यांदा निरोप आला, तो मीटिंगमध्ये आहे. मावशींनी पाच मिनिटांनी पुन्हा फिरवला. मग पुन्हा. चौथ्यांदा तिथल्या मुलीला म्हणाल्या, "मी जुन्नरवरनं बोलतीया. तो न्हाई आला तर त्याच्या सायबाला जोड. मी लाइन सोडत न्हाई. तीस वर्सं लाइनच धरलीया." भाचा आला. मावशींनी त्याला मशीनवरचं वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, मी लिहून दिलेलं. मग त्याने पासवर्ड सांगितला.

शेठजी म्हणाले, "इथूनच वरडून सांगा की वर."

"गुपित वरडायचं नसतं," मावशी म्हणाल्या. तळहातावर लिहिलं, मूठ मिटली, आणि ते गुडघे घेऊन पुन्हा माडी चढल्या. मूठ उघडली तर त्याच्या मोटारसायकलचा नंबर. जी मोटारसायकल दर खेपेला आमच्या जिन्याखाली उभी असायची तिचा. मी दहा वेळा तिला वळसा घालून वर आलेली. किल्ली माझ्या पायाखाली होती आणि म्हणे तुम्ही काहीतरी उडवाल!

पासवर्ड लागला. मावशी पुन्हा खाली. आता भाचा फोनवर हुकूम सांगणार, मावशी तो जिन्यातून वर पोचवणार. एक्स्चेंजमध्ये अक्षर चुकू नये म्हणून गावांची नावं लावायची पद्धत होती. सगळं दुकान ऐकत होतं.

"एफ फलटणचा!"

"फलटण," मी वरून.

"एस साताऱ्याचा! सी चाकणचा! के कोल्हापूरचा!"

"सातारा, चाकण, कोल्हापूर!"

"मोकळी जागा! आडवी रेघ! वाय येवल्याचा!"

शेवटी दाबायच्या आधी मी सगळं परत वाचून दाखवलं आणि मग दाबलं. पडद्यावरून ओळी धावायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटं धावत होत्या. मी स्टुलाच्या कडेला नखं रोवून बसले होते. मग रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. मशीन नव्याने चालू केलं, आणि रोजची चित्रं आली. यादी उघडली. पूजेच्या दिवशी सकाळी भरलेली चाळीसेक पुस्तकं गेली होती. बाकी सगळी होती.

मी जिन्यात येऊन ओरडले, "मावशी, आलं!" खालून मावशी म्हणाल्या, "मंग आदी जपून ठेव." एवढंच.

त्या आठवड्यात भाच्याने शोभेला ठेवलेलं जाड पुस्तक मी कपाटावरून खाली काढलं. दुपारी जेवताना एक-एक पान वाचलं. अवघड काही नव्हतं. पाककृती वाचून नवा पदार्थ करणं जेवढं अवघड तेवढंच. फ्लॉपी कशी ओळखवायची, यादीचे तुकडे करून त्यावर कसे काढायचे, हे शिकले. आणि मालकाचा पासवर्ड बदलायचा कसा, हेही एका पानावर होतं. तेवढा एक शब्द लिहिला की मशीन स्वतःच नवीन पासवर्ड विचारतं. मी बदलला.

तपासणी झाली. साहेबाने तीन पुस्तकं विचारली, तिन्ही मी यादीतून काढून कपाटातून आणून दिली. साहेब खूश. वर्ग वाढला. समितीची बैठक झाली, आणि शेठजींनी उभं राहून सांगितलं, "आमच्या भाच्यानं पुण्यात बसून, नुसत्या फोनवर, मेलेलं मशीन जिवंत केलं." दिवाळीत त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं. मावशींचं नाव कुणी काढलं नाही. पत्राचं मी विचारलं. "बघू ताई, पुढल्या मीटिंगला."

आयत्या पिठावर रेघोट्या मारणारे खूप पाहिले, पण ज्याने पीठ कुलपात ठेवलं त्यालाच शाल, हे पहिल्यांदा बघत होते.

दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाचा नवे कपडे घालून आला. सत्कार झाला. शाल खांद्यावर तशीच ठेवून तो मशीनपुढे बसला, समितीला काहीतरी करून दाखवायला. काळी खिडकी उघडली, पासवर्ड टाकला. लागेना. पुन्हा टाकला. लागेना. तिसऱ्यांदा कान लाल झाले.

"पासवर्ड कुणी बदलला?"

"मी," मी म्हणाले. "तुम्हाला त्याची गरज नाही. तुम्ही फक्त माउस वापरा."

शेठजी म्हणाले, "ताई, देऊन टाका."

"पत्र द्या शेठजी."

"हे काय बोलणं झालं?"

"नऊ वर्षं असं बोलले नाही म्हणून आता बोलते."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग अचानक हसले. व्यापारी माणूस, अडलेला सौदा त्यांना कळतो. तिथेच लेटरहेड मागवलं आणि हाताने पत्र लिहिलं, कारण प्रिंटर अजूनही चालत नव्हता. सही केली, समितीच्या सह्या घेतल्या. मी पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. पासवर्ड मात्र सांगितला नाही. "काही लागलं तर मला सांगा," मी म्हणाले. सगळे हसले, भाचा सोडून.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या खुर्चीवर बसायला लागले. स्टूल माळ्यावर टाकलं. मशीन माझं, पासवर्ड माझा, किल्ली माझी. कुणी यादी बघायला आलं की मी मान न वळवता विचारायची, काय हवंय? हवं ते शोधून द्यायची. कुणाला माउसलाही हात लावू द्यायची नाही.

महिना झाला असेल. दुपारची वेळ, वाचनालयात दोघीच. मावशी मासिक मिटून माझ्या खुर्चीपाशी आल्या. जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "पोरी, मला बसू दे की येकदा त्या काळ्या पडद्याव. लई वर्सं झाली. हात शिवशिवत्यात."

मी यादीत काहीतरी भरत होते. मान वर केली नाही. म्हणाले, "तुम्हाला काय गरज त्याची, मावशी? काही हवं असेल तर मला सांगा, मी काढून देते."

मावशी "बरं" म्हणाल्या आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी ‘जपलंस का’ असं विचारलं नाही.

हे माझ्या लक्षात आलं ते एसटीत. गाडी पिंपळवंडीच्या अलीकडे आलेली, आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं, पण आवाज भाच्याचा. आख्ख्या आयुष्यात मी कुणावर चिडले नसेन तेवढी स्वतःवर चिडले. ज्या बाईने तळहातावर किल्ली आणून दिली तिलाच मी सांगितलं होतं की तुला गरज नाही. ओट्यावर बसून बायकांनासुद्धा जमतं म्हणणारा जावई तरी काय वेगळं म्हणतो? कुणाला कशाची गरज आहे हे ज्याच्या खिशात किल्ली असते तोच ठरवतो.

सकाळी गेल्या गेल्या पुस्तकं चढवायची दाखल नोंदवही काढली, पहिल्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिला. त्याखाली हुकूम लिहिले. फलटण, सातारा, चाकण, कोल्हापूर, तसेच. शेवटी लिहिलं: आधी वाच, मग दाब. माझ्यानंतर त्या खुर्चीवर जी कुणी येईल तिला माझ्याकडे यावं लागू नये.

दुपारी मावशी आल्यावर ती वही त्यांच्यापुढे ठेवली आणि खुर्ची मागे ओढली. "बसा मावशी," म्हणाले. "काल मी चुकले."

मावशींनी पान वाचलं. एकेक ओळ, बोट फिरवत. वाचून झाल्यावर वही मिटून माझ्या हातात दिली. "झ्याक लिवलंस," म्हणाल्या. "पर ऱ्हाऊ दे आता. डोळं पुरत न्हाईत."

आदल्या दिवशीपर्यंत ते पुरत होते.